आम्ही की आपण

पहाटे ५.२०
गजर रूममेटचा, उठते मी. ती मिझोरामची, गिटारवरच्या गीताचा गजर लावते आणि त्याच गीतावर पुन्हा झोपी जाते. श्रावणात सोलरचं पाणी नावालाच गरम, तेही पहिल्या पाच बादल्यांपुरतं. मी तिसरी.

मी बी.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यातल्या एका सेमिनरीत. बी.डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. गावी, राहुरीच्या पलीकडे, आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बायबलच शिकायचं तर कॉलेज कशाला? रोज वाचतोच की आपण.” त्या वेळी मला उत्तर सुचलं नव्हतं. आज दिवसभर मी एकच ओळ घेऊन बसणार आहे, त्यातही एक सर्वनाम. हे आत्याला कळलं तर फीचे पैसे परत मागेल.

५.५०
मनन. इंग्रजीत इथे त्याला ‘पर्सनल डिवोशन’ म्हणतात. घरी आजी दिव्याखाली बसून ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची, तिला अक्षर येत नव्हतं पण भजनं पन्नासेक तरी पाठ होती. मी स्वतःला एक नियम घातलाय: वर्गात जो उतारा चालू आहे तो मननाला घ्यायचा नाही. कारण मग प्रार्थना बाजूला राहते आणि क्रियापदाचा काळ ओळखत बसायला होतं. हा आजार दुसऱ्या वर्षात सगळ्यांनाच होतो. पहिल्या वर्षाचा वेगळा. मोशेची पाच पुस्तकं एकट्या मोशेने लिहिली नसावीत, त्यांत निरनिराळ्या काळातले थर आहेत, हे पहिल्यांदा वर्गात ऐकलं त्या रात्री आमच्या मजल्यावरची एक मुलगी जेवली नव्हती. आता तीच सगळ्यांना थर समजावून सांगते.

आज नियम मोडला. मार्कचा चौथा अध्याय, वादळाचा प्रसंग.

७.१५
मेस. उपमा. ईशान्येकडची मंडळी त्यावर घरून आणलेली मिरचीची चटणी घालतात, मी शेंगदाण्याची. त्यामुळे उपम्याला कुणीच नावं ठेवत नाही.

८.००
चॅपल. बुधवारी आपापल्या भाषेतलं गीत असतं, आज मराठीची पाळी. आम्ही मराठी बोलणारे मोजून सहाजण. टिळकांचं भजन घेतलं. कीबोर्डवाल्या मुलाला सुरुवातीला ठेका सापडेना. ढोलकी आली तसा तो गप्प बसला आणि दुसऱ्या कडव्यापासून टाळ्या धरू लागला. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर अभंग-ओवीचं वळण सोडलं नाही. त्यामुळे आमच्या मंडळ्यांमध्ये आजही झांज वाजते.

८.४५
ग्रीक. हा तास नीट सांगायला हवा.

सर केरळचे. शिकवणं इंग्रजीत, पण आज त्यांनी फळ्याचे उभे भाग पाडले आणि प्रत्येकाला आपल्या मातृभाषेत एकच वाक्य लिहायला लावलं. नावेत पाणी भरतंय, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय, शिष्य त्याला उठवून म्हणतात की बुडायची वेळ आली तरी तुला काहीच कसं वाटत नाही. उशी फक्त मार्कने सांगितलीय. बरोबर आणखी नावा होत्या हेही त्यानेच. मत्तय आणि लूक दोघेही हा प्रसंग सांगतात, पण उशी गाळतात.

ग्रीकमध्ये ‘आम्ही बुडतोय’ हा एकच शब्द आहे: अपोल्लुमेथा. सर्वनाम वेगळं लिहिलेलंच नाही, शेवटच्या ‘मेथा’त ते आलं. मी दहावीला संस्कृत घेतलं ते स्कोअरिंग म्हणून. ते इथे असं उपयोगी पडेल असं स्वप्नातही नव्हतं. ग्रीकमध्ये कर्तरी आणि कर्मणीशिवाय एक मधला प्रयोग आहे. बाकीच्यांना तो समजायला महिना लागला, मला सरांनी पहिल्यांदा फळ्यावर लिहिला त्याच दिवशी कळलं, की हे आपलं आत्मनेपद. ‘वन्दामहे’तलं ‘महे’ आणि हे ‘मेथा’ एकाच घरातले. नपुंसकलिंगाचंही तसंच. हिंदीवाले ते तक्त्यावरून पाठ करतात, आपण ‘ते पुस्तक’, ‘ते पोर’ म्हणतच मोठे झालो.

तर फळ्याकडे गेले, ‘गुरुजी’ लिहिलं आणि खडू थांबला. आम्ही की आपण?

‘आम्ही बुडतोय’ म्हटलं की येशू त्यातून वगळला. आम्ही बुडू, तुझं काय. ‘आपण बुडतोय’ म्हटलं की तोही बुडणार, एकाच नावेत आहे. ग्रीक ‘मेथा’ दोन्ही सामावून घेतं, मराठी घेत नाही, तिला आधी ठरवून हवं असतं. शेजारी बघितलं तर तमिळ मुलगी ‘नाम’ आणि ‘नांगळ’च्या मध्ये तशीच अडलेली. तेलुगू मुलगा ‘मनमु’ लिहून पुसत होता, ‘मेमु’ लिहून पुसत होता. हिंदीवाल्याने ‘हम’ लिहिलं आणि तो खुर्चीत जाऊन बसलासुद्धा. सर आमच्याकडे बघून हसत होते, मलयाळममध्येही हीच पंचाईत आहे ना! हा भेद मराठीला द्राविड शेजारातून मिळाला असं भाषाशास्त्रज्ञ म्हणतात. एरवी शेजाऱ्यांचे उपकार आपण मोजत नाही, आज फळ्यापुढे चार भाषांचे लोक एकाच खडूने अडले होते.

शिवाय मराठीत आणखी एक काटा. ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही’सुद्धा, आदराने. “गुरुजी, आपण बुडतोय, आपल्याला काही वाटत नाही का?” यात पहिलं आपण कोण आणि दुसरं कोण? ‘तू’ म्हणावं तर बारा कोळी आपल्या गुरूला तू म्हणतील का? (बाराही कोळी नव्हते, एक तर जकातवाला होता. पण आमच्या गावच्या चित्रात सगळ्यांच्या हातात जाळं आहे.) ग्रीकमध्ये आदरार्थी बहुवचन नाही. तिथे देवालाही आणि गाढवालाही एकच ‘तू’.

सर म्हणाले, उद्या सकाळी प्रत्येकाने एक पर्याय द्यायचा, कारणासकट. दोन पर्याय कंसात लिहून सुटका नाही.

११.००
धर्मांचा अभ्यास. यहुदी धर्म चालू आहे. गेल्या महिन्यात आम्हाला रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये नेलं होतं. कॅम्पातलं सिनेगॉग, लाल देऊळ, सगळ्यांना माहीत असतं, पेठेतलं हे बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी यहुद्यांचं. तिथल्या आजोबांनी हिब्रू उजवीकडून डावीकडे सरसर वाचलं आणि मग शुद्ध पेठी मराठीत म्हणाले, “बसा, चहा सांगितलाय.” मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं ते बेने इस्राएलांसाठी. मी मात्र हिब्रू इंग्रजी पुस्तकातून शिकते आणि समासात मराठी लिहिते.

१२.४५
भात, सांबार, कोबी. झोप आवरायची.

२.००
लायब्ररी. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास.

आधी तिन्ही शुभवर्तमानं शेजारी ठेवून रंगीत पेन्सिली काढल्या. जे तिघांत सारखं ते निळं, ज्याचं त्याचं वेगळं ते लाल. मार्कमध्ये शिष्य ‘गुरू’ म्हणतात, मत्तयात ‘प्रभू’, लूकमध्ये तिसराच शब्द, एपिस्टाटा, जो नव्या करारात लूकशिवाय कुणी वापरत नाही, म्हणजे साधारण ‘धनी’. मार्कमध्ये सरळ तक्रार आहे: काही वाटत नाही का? मत्तयात तीच प्रार्थना झालीय: वाचव. मार्क सर्वांत आधीचा असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे शिष्यांचा उद्धटपणा मत्तयाने धुऊन काढला.

झालं, माझा सिद्धांत तयार. मत्तयात येशू प्रभू आहे, तो बुडणारा नव्हे, म्हणून तिथे ‘आम्ही’. मार्कमध्ये तो दमून उशीवर झोपलेला गुरू आहे, सगळ्यांबरोबर बुडेल, म्हणून ‘आपण’. वहीत दोनदा अधोरेखित केलं.

मग ती नाव केवढी असेल ते शोधायला गेले. १९८६ मध्ये दुष्काळाने गालीलचं पाणी उतरलं तेव्हा चिखलात पहिल्या शतकाच्या आसपासची एक होडी सापडली. सुमारे आठ मीटर लांब, सव्वादोन रुंद. आमच्या या लायब्ररीतली दोन टेबलं टोकाला टोक लावली तरी तिला पुरणार नाहीत, पण तिच्यात तेरा माणसं म्हणजे एकाचा गुडघा दुसऱ्याच्या पाठीत. कुणी कुणाला ‘तिकडे मागे’ म्हणण्याइतकी जागाच नाही. गालील म्हणजे तळं, गोड्या पाण्याचं, एकवीस किलोमीटर लांब, समुद्रसपाटीच्या दोनशेहून जास्त मीटर खाली, भोवती डोंगर, त्यामुळे वारा एकदम उतरतो. तळ्याला समुद्र कसं म्हणतात असं पुण्याच्या मुली विचारतात. आमच्या मुळा धरणाला ज्ञानेश्वरसागर म्हणतात, मला प्रश्न पडला नाही.

शेवटचा अर्धा तास रमाबाईंपुढे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून अख्खं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं. बाईमाणसाने एकटीने, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा भाषेत. छपाईही त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनमध्येच, तिथल्या बायकांच्या हातून. मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये आलं. त्यांच्या आधी शतकभर, १८११ मध्ये, सेरामपूरला विल्यम केरींनी वैजनाथ नावाच्या पंडितांची मदत घेऊन मराठी नवा करार मोडीत छापला होता. माझ्या पदवीवर सेरामपूरचंच नाव येणार, डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये दिलेल्या सनदेच्या जोरावर. हे सगळे लोक या ओळीपाशी थांबले असणार. केरी इंग्रज, त्यांच्या ‘वी’ला फरक पडत नव्हता. पंडितांनी मान वर करून विचारलं असेल का, साहेब, आम्ही की आपण?

मुद्दाम कुणाचंही भाषांतर उघडलं नाही. उद्या बघेन.

४.००
वर्क ड्युटी. शिष्यवृत्तीवाल्यांना आठवड्याला काही तास काम असतं, माझं स्वयंपाकघरात. दिवसभरात मनसोक्त मराठी बोलायला मिळते ती इथेच. दोघी मावश्या लाटतात, मी भाजते. आज साठाव्या पोळीला शेगडी फुर्र करून विझली. सिलिंडर संपलं, दुसरं आलंच नव्हतं.

“गेलो आता आपण,” मोठ्या मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या. ‘आपण’मध्ये मी धरून. मनात म्हटलं, बघ, संकटात माणूस ‘आपण’च म्हणतो, वहीतला सिद्धांत पास.

मग त्यांनी पिठाच्या हाताने मोबाइल उचलला, मेसच्या मॅनेजरना लावला आणि आवाज चढवला, “अहो सर, दुपारी सांगितलं होतं ना? आम्ही काय हातावर भाजायच्या का पोळ्या?”

मॅनेजरही याच मेसमध्ये जेवतात. पोळ्या झाल्या नाहीत तर तेही उपाशी. तरी ‘आम्ही’. ज्याने बघायला हवं होतं आणि बघितलं नाही, त्याला माणूस ‘आपण’मधून काढून टाकतो. तो एकाच नावेत असला तरी.

मी उलथनं हातात घेऊन उभी. दोन तासांचा सिद्धांत गेला. तक्रार असेल तर ‘आम्ही’, आणि मार्कमध्ये तर निव्वळ तक्रारच आहे.

“काय गं, चेहरा का पडला? येतंय सिलिंडर,” मावशी म्हणाल्या.

७.३०
पोळ्या अर्ध्या, बाकी भात. कुणी काही बोललं नाही.

८.३०
अभ्यासाची वेळ. खोलीत रूममेट चर्चच्या इतिहासाची टिपणं काढतेय. मी तीन ओळी लिहून खोडल्या. रविवारी फील्डवर्कला ज्या मराठी मंडळीत जाते तिथे हाच उतारा वाचायचाय. वाचताना छापील शास्त्रात असेल तेच वाचायचं, हे उघड आहे. तिथले एक वडील आधीच विचारून गेलेत, संदेशही तूच देणार का, म्हणजे पाळकसाहेब नाहीत का? मी म्हटलं, मीच देणार. ते बरं म्हणाले, पण ‘बरं’ लांबवून.

१०.१०
नाकातोंडात पाणी जात असताना माणूस सर्वनाम लावून बोलतो का? गावी कालव्यात पोरं पोहायची, एखाद्याला ओढ लागली की ओरडायचा ते नुसतं क्रियापद. खाली लिहिलं:

गुरुजी! बुडतोय, काही वाटत नाही का?

आम्ही गेलं, आपण गेलं, तू, तुम्ही, आपल्याला, सगळं गेलं. ग्रीकसारखंच सर्वनाम क्रियापदात. पाच मिनिटं खूश होते. मग लक्षात आलं, ‘बुडतोय’ एकट्यालाही चालतं. एक शिष्य फक्त स्वतःपुरता ओरडतोय असंही कुणी ऐकेल. ‘बुडत आहोत’ केलं तर अनेकवचन पक्कं होतं, पण बुडणारा माणूस ‘आहोत’ म्हणेपर्यंत तळाशी जाईल.

‘बुडतोय’च ठेवलं. कारणांच्या रकान्यात मावशींची दोन वाक्यं लिहिली, तारखेसह, सिलिंडरसह. खाली ‘आपण’च्या बाजूने होडीची लांबी-रुंदी.

११.००
दिवे बंद. रूममेटने अंधारात विचारलं, “व्हॉट डिड यू डिसाइड? वी ऑर वी?” तिला सकाळपासून हाच विनोद सुचतोय. मी म्हटलं, नो वी. तिने गजर लावला, तोच.