विंडोज १० चा आधार संपला. आपल्या नोंदींचे काय?

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला वेगळी सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. २०२५ साली याच तारखेला आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे मात्र आपल्यापैकी थोड्यांचेच लक्ष गेले. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी सर्वांना मिळणाऱ्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या थांबवल्या. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा आधारही त्याच दिवशी संपला. म्हणजे त्यांतल्या अ‍ॅक्सेसचाही संपला.

हा विषय इथे घेण्याचे कारण साधे आहे. देवणी, उदगीर, निलंगा भागात लहान पतसंस्था, आडत दुकाने, वसतिगृहे, शिकवण्या आणि आमच्यासारख्या बचत गटांचे काम पाहणाऱ्या संस्था आहेत. यांतल्या अनेकांचा हिशेब जुन्या संगणकावरच्या अ‍ॅक्सेस, फॉक्सप्रो किंवा एक्सेलमध्ये असतो. तो प्रोग्राम करून देणारी आणि बिघडला की धावत येणारी मुले बऱ्याचदा आपल्याच वस्तीतली असतात. हा लेख त्या मुलांसाठी आहे आणि त्यांच्यावर विसंबून असलेल्या आपल्या सर्वांसाठी आहे.

आमची चूक आधी

गेल्या पावसाळ्यात वीज सारखी येत-जात होती. त्यात आमच्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. आम्ही घाबरलो नाही, कारण दर आठवड्याला पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला जात होता. पेनड्राइव्ह लावला. फाईल होती, पण तिचा आकार शून्य केबी होता. किती महिन्यांपासून रिकामी फाईल उतरत होती, हे आम्हाला कळलेच नाही. एकदाही आम्ही ती उघडून पाहिली नव्हती.

शेवटी बचत गटांचे हिशेब वाचले ते बायांनी घरी जपलेल्या कागदी पासबुकांमुळे. एका ताईचे पासबुक मात्र नोंदी करण्यासाठी आमच्याकडेच होते आणि त्यावर शेवटचे तीन हप्ते चढलेले नव्हते. तिने पैसे भरले होते, हे आम्हाला माहीत होते. तरी गटाच्या बैठकीत तिला तिघींसमोर शपथ घेतल्यासारखे बोलावे लागले. चूक आमची आणि मान खाली तिची, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून पुढचे सगळे सांगत आहोत.

आधार संपला म्हणजे नेमके काय?

विंडोज १० चा संगणक बंद पडत नाही. तो काल चालत होता तसाच आजही चालतो. फक्त त्यात नवीन फट सापडली, तर ती बुजवणारी दुरुस्ती आपोआप येत नाही. हे किती गंभीर असते, ते २०१७ साली दिसले. मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यात एका फटीची दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला आणि त्याने फाईलींना कुलपे लावून पैसे मागितले. ज्यांनी दुरुस्ती बसवली नव्हती, त्यांचे संगणक मोठ्या संख्येने सापडले. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात होते.

आता आपल्यासमोर चार वाटा आहेत.

पहिली, विंडोज ११ वर जाणे. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन आपला संगणक बसतो की नाही, ते सांगते.

दुसरी, मुदतवाढ घेणे. घरगुती संगणकासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची योजना आहे. मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ती मोफत मिळते, नाहीतर ३० डॉलर लागतात. संस्था आणि व्यवसायांसाठी वेगळा दर आहे. पहिल्या वर्षी तो प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आहे.

तिसरी, लिनक्स बसवणे. लिनक्स मिंट आणि लिबर ऑफिस दोन्ही मोफत आहेत आणि जुन्या यंत्रावर बरे चालतात. पण अ‍ॅक्सेस लिनक्सवर चालत नाही. म्हणून नोंदी कुठे न्यायच्या, हे आधी ठरवावे.

चौथी, संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त हिशेबापुरता ठेवणे. ही तात्पुरती सोय आहे. व्हायरस पेनड्राइव्हनेही येतो.

बाजारात कोणी ‘फुकटात विंडोज ११ टाकून देतो’ म्हणाला, तर जपून राहा. कुलूप तोडलेल्या प्रतीत काय घालून दिले आहे, ते आपल्याला दिसत नाही.

प्रोग्राम करणाऱ्यांनी काय तपासावे?

विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाही. त्यामुळे डॉसवर चालणारे जुने फॉक्सप्रो किंवा क्लिपरचे प्रोग्राम, जे ३२-बिट विंडोज १० वर कसेबसे चालत होते, ते तिथे थेट चालणार नाहीत. डॉसबॉक्ससारख्या साधनाने काही काळ निभावता येते. व्हिज्युअल फॉक्सप्रो अजून चालते, पण त्याचा आधार जानेवारी २०१५ मध्येच संपला आहे. फॉक्सप्रोची एक गोष्ट मात्र चांगली. त्याची डीबीएफ फाईल साधी असते आणि लिबर ऑफिस कॅल्कमध्ये उघडते. प्रत काढताना डीबीएफसोबत त्याच नावाची एफपीटी फाईलही घ्या. लांब शेरे तिच्यात असतात.

अ‍ॅक्सेस ९७ मधली एमडीबी फाईल अ‍ॅक्सेस २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या उघडत नाहीत. अशी फाईल कुणाकडे असेल, तर अ‍ॅक्सेस २०१० किंवा त्याआधीची आवृत्ती असलेला संगणक जिवंत आहे तोवर ती नव्या रूपात बदलून घ्या. ६४-बिट ऑफिस बसवणार असाल, तर विंडोजच्या फंक्शनना हाक मारणाऱ्या कोडच्या ओळीत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घालावा लागतो. नाहीतर पहिल्याच दिवशी प्रोग्राम अडतो.

पुढच्या तारखाही वहीत लिहून ठेवा. ऑफिस २०२१ आणि त्यातले अ‍ॅक्सेस यांचा आधार १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो. एसक्यूएल सर्व्हर २०१६ चा १४ जुलै २०२६ ला आणि मायएसक्यूएल ८.० चा एप्रिल २०२६ मध्ये. एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्सप्रेस आवृत्ती लहान संस्थेला पुरते. तिची मर्यादा दर डेटाबेसला १० जीबी होती, २०२५ च्या आवृत्तीत ती ५० जीबी झाली.

अ‍ॅक्सेसची रोजची निगा

अ‍ॅक्सेसच्या फाईलची मर्यादा २ जीबी आहे. नोंद पुसली तरी जागा मोकळी होत नाही. त्यासाठी ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवावे लागते. ते महिन्यातून एकदा करा, पण आधी प्रत काढून मगच.

नोंदींचे तक्ते एका फाईलमध्ये आणि फॉर्म व अहवाल दुसऱ्या फाईलमध्ये ठेवा. प्रोग्राम बिघडला तर दुसरी फाईल बदलता येते, नोंदींना धक्का लागत नाही. दोन-तीन जण एकाच वेळी काम करत असतील, तर वायफायऐवजी केबल वापरा. मध्येच संपर्क तुटला की फाईल खराब होते. यूपीएसशिवाय तर आपल्याकडे काम करूच नये. आणि फाईल उघडी असताना तिची प्रत काढू नका. त्याच फोल्डरमध्ये कुलपाचे चित्र असलेली छोटी फाईल दिसत असेल, तर कोणीतरी आत काम करत आहे असे समजा.

नाव चुकले की शिष्यवृत्ती अडते

जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेल्या नोंदी प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हे म्हणून साठवलेल्या असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यांचा अर्थ लागत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. म्हणून ती नोंद फोनवर, नव्या संगणकावर, कुठेही वाचता येते. फॉन्ट बदलणारी साधने मिळतात, पण ती पहिली वेलांटी आणि रफार यांत हमखास घोटाळा करतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये ही चिन्हे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘सिद्धार्थ’, ‘कीर्ती’, ‘सूर्यवंशी’ अशी नावे एकेक करून डोळ्यांनी तपासा. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आपल्या यादीत तिसरे, असे झाले की महाडीबीटीवरचा अर्ज अडतो आणि पोरगी पुन्हा तहसीलच्या फेऱ्या मारते.

तांत्रिक बाजूने तीन गोष्टी सांभाळा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी मजकुरासाठी एन-व्हारचार हाच प्रकार ठेवा आणि क्वेरीत मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी इंग्रजी ‘एन’ लिहा. नाहीतर नावाऐवजी प्रश्नचिन्हे साठतात आणि मूळ नाव परत मिळत नाही. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ-८ एमबी-४ निवडा. अ‍ॅक्सेसच्या कोडच्या खिडकीत मराठी लिहिता येत नाही, म्हणून मराठी सूचना एखाद्या तक्त्यात ठेवून तिथून दाखवा.

एक्सेलबद्दलही सावध राहा. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच नीट धरते. सोळा अंकी बँक खाते क्रमांक आकडा म्हणून टाकला, तर शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीचे शून्यही गळते. खाते, आधार आणि फोन क्रमांक नेहमी ‘टेक्स्ट’ म्हणून ठेवा.

धर्म आणि जात यांचे रकाने

ही बाब आपल्या समाजाची आहे, म्हणून वेगळी सांगतो. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात आधी हिंदू, मग १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध असा विस्तार झाला. तरी काही प्रोग्राममध्ये धर्म ‘बौद्ध’ निवडला की अनुसूचित जातीचा पर्यायच दिसेनासा होतो, कारण करणाऱ्याने दोन्ही एकमेकांना बांधून टाकलेले असतात. मग फॉर्म भरणारा वैतागून ‘हिंदू’ लिहितो. माणसाने जाणीवपूर्वक घेतलेला धम्म एका क्लिकने पुसला जातो. पुढे कागदपत्रे जुळत नाहीत, तो त्रास वेगळाच.

उपाय सोपा आहे. धर्म, प्रमाणपत्रावर लिहिलेली जात आणि प्रवर्ग हे तीन स्वतंत्र रकाने ठेवा. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख नोंदवा. एका रकान्यावरून दुसरा आपोआप भरू नका. जे कागदावर आहे तेच उतरवा.

पौर्णिमेचा बॅकअप

बॅकअपचा जगभर मानलेला नियम आहे, तीन-दोन-एक. नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. आम्ही त्याला आपल्या दिनक्रमात बसवले आहे. रोज संध्याकाळी एक प्रत त्याच कार्यालयातल्या दुसऱ्या डिस्कवर. दर पौर्णिमेला, विहारात वंदनेला जमतो त्या दिवशी, एक प्रत पासवर्ड लावून दुसऱ्या कार्यकर्त्याच्या घरी. त्या दिवशी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायची आणि कोणत्याही पाच जणांच्या नोंदी त्यांच्या पासबुकाशी ताडायच्या. उघडून न पाहिलेला बॅकअप आम्ही आता धरतच नाही.

वर्षातून एकदा सगळे तक्ते ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या साध्या रूपात काढून ठेवतो. उद्या अ‍ॅक्सेस नसले, तरी ती फाईल वाचता येईल. आणि प्रत्येक बाईच्या पासबुकावर नोंद हाताने चढतेच. संगणक आला म्हणून कागद सोडायचा नाही, हे आम्हाला आमच्या चुकीने शिकवले.

प्रोग्राम करणारा मुलगा पुण्याला नोकरीला जातो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, हेही आपल्याकडे घडते. त्याला अडवू नये, त्याने पुढे जावे म्हणूनच आपण धडपडतो. पण जाण्याआधी त्याच्याकडून एक पान लिहून घ्या. फाईल कुठे आहे, पासवर्ड काय, बॅकअप कसा घ्यायचा, बिघडले तर आधी काय पाहायचे. ते पान बंद पाकिटात अध्यक्ष आणि सचिव यांच्याकडे ठेवा.

शेवटी गुप्ततेबद्दल. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्याची बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? आधार, जात आणि कर्जाच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. जुना संगणक भंगारात देताना नुसते फॉरमॅट करून भागत नाही, पुसलेले परत काढता येते. हार्ड डिस्क काढून ठेवा किंवा पूर्ण पुसणारे साधन चालवा.

त्या ताईचे तीन हप्ते आता तिच्या पासबुकावर आहेत आणि आमच्या तिन्ही प्रतींमध्येही आहेत. येत्या पौर्णिमेला आपल्या संस्थेचा बॅकअप एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडला तर उत्तम. नाही उघडला, तर अजून वेळ आहे.

जय भीम!