जंगलाचा काटा कोणाच्या हाती?



उसाची गाडी वजनकाट्यावर चढली की आपली नजर कुठे असते हे सांगायला नको. आकडा काय पडला, वजावट किती धरली, काटा तपासून किती दिवस झाले, हे सगळे आपण विचारतो आणि विचारायलाच हवे. पण ज्या कारखान्यांचा कच्चा माल शेतातून नव्हे तर जंगलातून येतो, त्यांच्या मालाचा काटा कोण पाहतो? आणि जंगल किती गेले, किती उरले, हे मोजायचे तरी कसे? या अंकात आपण हा विषय जरा उलगडून पाहू. विषय लांबचा वाटेल, पण तो शेवटी आपल्याच बगॅसच्या ढिगापाशी येतो.

मोजण्याबद्दलची पहिली गोष्ट मुंबईजवळच्या पवईची. आज तिथे आय.आय.टी. आहे, उंच इमारती आहेत. पण १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम पवईला गेले, तेव्हा फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थांनी तिथे विहिरी खणल्या होत्या, मोठ्या प्रमाणावर ऊस लावला होता आणि साखरेची गिरणीही उभारली होती. ती चालू असलेली माल्कमसाहेबांनी स्वतः पाहिली. म्हणजे पवई एके काळी आपल्याच धंद्यातली! पुढे १८९० साली मुंबईला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून तिथे तलाव बांधून झाला. भरला की त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी मावते. आकडा मोठा आणि खरा. पण ते पाणी पिण्याजोगे ठरले नाही, ते कारखान्यांना आणि आरे दुग्ध वसाहतीला गेले. पाणी किती, याचे उत्तर बरोबर होते. पाणी कसले, हा प्रश्न मात्र त्या आकड्यात नव्हता.

जंगलाच्या मोजमापात नेमकी हीच गफलत होते. कागद गिरणीने अमुक हजार टन बांबू तोडला, हा आकडा खातेवहीत सापडतो. पण त्यावरून जंगलाची तब्येत कळत नाही. जंगल म्हणजे बँकेतली ठेव समजा. दरवर्षी जी नवी वाढ होते ते व्याज. तोड व्याजाच्या आत राहिली तर ठेव शाबूत. तोड वाढीपेक्षा जास्त झाली की आपण मुद्दल खाऊ लागलो, मग गिरणीचा नफा कितीही दिसो. म्हणून पहिले दोन आकडे हवेत ते असे: उभा साठा किती आणि वर्षाची वाढ किती. तोडीचा आकडा त्यांच्या शेजारी ठेवला तरच त्याला अर्थ येतो.

पण साठ्याचा अंदाजच फुगवलेला असेल तर? याचे उदाहरण आपल्या सीमेला लागून आहे. कारवार जिल्ह्यात दांडेलीला १९५० च्या दशकात वेस्ट कोस्ट पेपर मिल निघाली. १९५८ साली तिला सरकारी जंगलातला बांबू टनाला अवघ्या दीड रुपयाने मिळाला. बांबू अखंड पुरेल असा हिशेब कागदावर होता. प्रत्यक्षात जंगलातला बांबू झपाट्याने संपत गेला आणि बुरूड कारागिरांना टोपल्यांपुरताही मिळेना. दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर टाकला गेला. १९७५ च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी रानात जाऊन पाहणी सुरू केली. तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. एक, साठ्याचे सरकारी अंदाज कितीतरी पटींनी फुगवलेले होते. दुसरी त्याहून बोलकी. कळकाच्या बेटाला बुडाशी काट्यांचे कुंपण असते. गिरणीचे मजूर तोड सोपी व्हावी म्हणून ते साफ करत. मग नवा कोंब आला रे आला की गुरे, माकडे, साळिंदर तो फस्त करत. गावकरी मात्र काटे तसेच ठेवून वरून तोडत, म्हणून त्यांची बेटे टिकली. म्हणजे किती तोडले याबरोबर कसे तोडले, हेही मोजावे लागते. आणि हे कचेरीत बसून मोजता येत नाही.

तिसरा प्रश्न काटा कोणाचा, हा. तोडणाराच मोजणार असेल तर आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून १९९३ साली जगभरच्या लोकांनी मिळून वन-प्रमाणनाची एफ.एस.सी. ही संस्था काढली. तिच्या शिक्क्यासाठी बाहेरचे तपासनीस जंगलात जाऊन तोड, लागवड, मजुरांची स्थिती आणि आसपासच्या गावांचे हक्क पाहतात. आपल्या देशात दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने १९९९ साली मोठ्या कागद गिरण्यांची तपासणी करून त्यांना पानांच्या संख्येने गुण दिले. उत्तम गिरणीला पाच पाने. त्या खेपेला पाच पाने कोणालाच मिळाली नाहीत. पुढे सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना पाणी, ऊर्जा, कचरा, कामगार यांचा शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. या अहवालात पाहण्यासारखा आकडा एकूण पाण्याचा नव्हे, तर एक टन मालामागे लागलेल्या पाण्याचा. गिरणी निम्मी चालली म्हणून पाणी कमी लागले, तर ती काही सुधारणा नव्हे.

काटा गावाच्याही हाती राहू शकतो. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली बांबू वाहतुकीचे पासही ग्रामसभेच्या हाती आले. जो तोडतो त्यालाच उद्या त्याच रानात राहायचे आहे, म्हणून तो बेट राखून तोडतो. सहकार म्हणजे तरी दुसरे काय?

आता आपल्या ढिगाकडे वळू. १०० टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन ओला बगॅस निघतो. त्यातल्या पाच-सहा टनांपासून सुमारे एक टन कागद होतो आणि झाड तोडावे लागत नाही. तामिळनाडूत करूरजवळ १९७९ साली स्थापन झालेली आणि १९८४ पासून चालू असलेली तामिळनाडू न्यूजप्रिंट ही सरकारी गिरणी याच पायावर उभी राहिली. पण तिची खरी युक्ती निराळीच. साखर कारखाना बगॅस देतो, तेव्हा त्याच्या बॉयलरचे काय? म्हणून गिरणी बदल्यात कारखान्यांना वाफ किंवा इंधन पुरवते.

इथेच सभासदांनी डोळे उघडे ठेवायचे. कागद गिरणी म्हणेल, आम्ही जंगल वाचवले. पण बगॅस विकून आपण बॉयलरला लाकूड घातले, तर जंगल एका दाराने वाचले आणि दुसऱ्या दाराने गेले. कोळसा घातला तर धूर आपल्या नावावर. आणि कमी पडलेल्या इंधनापायी शेतातले पाचट गोळा केले, तर जमिनीचे खत गेले. पाचट हेही आपले मुद्दलच आहे. गिरणीच्या वहीत जमा दिसते ते कुठल्या तरी वहीत खर्च पडलेले असते. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. वार्षिक सभेच्या अहवालात गाळप, उतारा आणि भाव यांच्या जोडीला आणखी चार ओळी असाव्यात: टन उसामागे कारखान्याने किती पाणी वापरले, बगॅस किती जाळला, किती विकला, बाहेरचे इंधन कोणते व किती आणले, आणि किती एकर खोडव्यात पाचट न जाळता ठेवले. शेवटचा आकडा शेतकी खात्याने बांधावर जाऊन घ्यावा आणि प्रत्येक गटातल्या दोन सभासदांनी तो तपासावा. बगॅस विक्रीचा विषय सभेपुढे येईल, तेव्हा टनाचा भाव विचारण्याआधी त्याच्या जागी बॉयलरमध्ये काय जाणार, हे विचारावे. उत्तर आकड्यात मागावे आणि तो आकडा कोणी मोजला, हेही विचारून घ्यावे.