नेपल्स, जानेवारी 1944: उवांच्या मागावर

जर्मनांनी नेपल्स सोडलं ते मोडून: बंदर, वीज, पाण्याच्या वाहिन्या, गटारं, सगळं. 1 ऑक्टोबर 1943 ला दोस्तांच्या फौजा शहरात शिरल्या. थंडी वाढली तसा टायफस पसरला आणि अमेरिकी सैन्याचे आरोग्य अधिकारी, टायफस आयोग आणि रॉकफेलर फाउंडेशनचे फ्रेड सोपर कामाला लागले. खालचा दिवस कुणा एकाच्या डायरीतला नाही. घड्याळ मी लावलंय; कामं मात्र त्या पथकांचीच.

सकाळी 7. नव्या तापकऱ्यांचे पत्ते हाती येतात, ते वाटून घ्यायचे. दिवसाचं खरं भांडवल हेच. उवा मारायची भुकटी कितीही असली तरी ती कुठे मारायची हे कळलं नाही तर उपयोग शून्य.

8. जिने चढायचे. घरचे आजारी माणूस लपवतात, म्हणून स्थानिक डॉक्टरांकडे आणि पाद्र्यांकडेही चौकशी करायची. सदरा वर केला की छाती-पोटावर पुरळ दिसतं; चेहरा बहुधा स्वच्छ असतो. रक्ताची वाइल-फेलिक्स चाचणी दुसऱ्या आठवड्याशिवाय नीट बोलत नाही. तोवर थांबणं परवडणारं नाही, कारण कपड्यांतली ऊ तापलेलं अंग सोडून दुसऱ्या अंगावर जाते. तिच्या विष्ठेतले जंतू खाजवताना कातडीत शिरतात. रुग्णाला रुग्णालयात पाठवायचं.

9:30. मागोमाग फवारणीवाले येतात, बहुतेक इटालियनच. रुग्णाचे घरचे, शेजारी, अंथरुणं, कुणी सुटत नाही. हातपंपाचं तोंड बाहीत, गळ्यात, कमरेच्या पट्ट्याखाली घालायचं आणि भुकटी आत सोडायची. कपडे उतरवावे लागत नाहीत. पूर्वी उवा मारायच्या म्हणजे माणसाला नागवं करून आंघोळ आणि कपड्यांना वाफ. इथे पाणी नाही, जळण नाही, साबण तर दिसतच नाही.

पुण्याच्या माणसाला इथे 1897 आठवल्याशिवाय राहत नाही. प्लेगच्या नावाने गोरे सोजीर घराघरांत शिरले, बायकांची तपासणी झाली, लोकांनी रोगी लपवले आणि 22 जूनला प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सैन्य आणि साथ तिथेही होती. नेपल्समध्ये दारात उभा राहिलेला माणूस बहुधा त्याच शहराचा होता आणि त्याला कुणाच्या पदराला हात घालावा लागत नव्हता.

11. फवारणी केंद्र. रांगा लांबलचक. पांढरे झालेले लोक बाहेर पडतात, एकमेकांना झटकत हसतात. जानेवारीत अशा फवारण्यांचा आकडा 13 लाखांच्या घरात गेला.

1. जेवण, उभ्याउभ्याच. पथकातल्यांनी लस टोचून घेतलेली असते, तरी त्यांच्या कपड्यांतही भुकटी असतेच.

2 ते 5. हवाई हल्ल्यांपासून बचावाची भुयारं. शहराखालच्या मऊ दगडात खोदलेली, अंधारी, दमट. घरं पडलेली कुटुंबं इथेच राहतात, एकाला लागून एक, एकाच पांघरुणात तिघं-चौघं. ऊ पसरायला याहून सोयीची जागा नाही. वरच्या घरांत पत्ता शोधता येतो. इथे पत्ताच नसतो. म्हणून फिरती पथकं भुयारंच्या भुयारं फवारतात, तापकरी सापडो न सापडो. लिखा भुकटीने मरत नाहीत. पण भुकटीतली डीडीटी कपड्यांत टिकून राहते आणि लिखांतून बाहेर पडलेल्या पिल्लांना मारते. तिचा मोठेपणा तेवढाच, पण निर्णायक.

7. हिशोब: किती घरं, किती माणसं, किती नवे तापकरी. उद्याचे पत्ते.

फेब्रुवारी संपता संपता साथ आटोक्यात आली. पॉल म्यूलर यांना डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधल्याबद्दल 1948 चं नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबई प्रांतात हीच डीडीटी डॉ. विश्वनाथन यांनी हिवतापावर भिंतींवर फवारली. नेपल्सची गोष्ट सांगताना मात्र सगळं श्रेय डीडीटीलाच देतात आणि ते मला पटत नाही. पहिल्या आठवड्यांत वापरली ती पायरेथ्रम या दुसऱ्या कीटकनाशकाची भुकटी, डीडीटी नंतर आली. साथ मोडली ती जिने चढून तापकरी हुडकणाऱ्यांनी. भुकटी त्यांच्या मागून गेली.