कढीलिंबावरची बहुरूपी

कढीलिंबाची पानं कोणीतरी कुरतडलीत? फवारा मारू नका हं! आधी पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसतंय का बघा. दिसलं तर हळूच काडी लावा. डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर येऊन उग्र वास सुटला, तर ती अळी आहे! बहुधा कॉमन मॉरमॉन फुलपाखराची. मोठेपणी ही अळी पानासारखी हिरवी होते आणि मग कोष करते.

खरी गंमत कोषानंतर सुरू होते. कॉमन मॉरमॉनचे सगळे नर सारखेच: काळे, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्या मात्र तीन तऱ्हांच्या! एक तऱ्हा नरासारखी, दुसरी हुबेहूब कॉमन रोझ फुलपाखरासारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. एकाच आईच्या लेकीसुद्धा वेगवेगळ्या दिसू शकतात. १८६५ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी लिहिलं, की या निरनिराळ्या दिसणाऱ्या माद्या एकाच जातीच्या आहेत. डोळ्यांना ते पटतच नाही!

पण सोंग घ्यायचं ते रोझचंच का? रोझच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीची विषारी पानं खातात. ते विष फुलपाखरातही उरतं. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा रोझच्या लाल ठिपक्यांच्या वाटेला जात नाही. आपली मॉरमॉन वाढते कढीलिंबावर, लिंबावर. तिच्या अंगात असलं विष नाही, म्हणून बहुरूप्यासारखं सोंग!

मग सगळ्याच माद्या सोंग का घेत नाहीत? कारण सोंग घेणाऱ्या फार झाल्या, तर पक्ष्यांना वरचेवर चविष्ट घास मिळेल आणि लाल ठिपक्यांची भीतीच उडेल. सोंग थोड्यांनी घेतलं तरच खपतं.

सोंगाची ही किमया करणारं जनुक २०१४ मध्ये सापडलं. ते शोधणाऱ्यांत आपले शास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटेही होते. जनुकाचं नाव डबलसेक्स. कीटकांमध्ये नर-मादीतला फरक घडवणारं हे जनुक इथे मादीच्या पंखांवरची नक्षीही ठरवतं. एकच जनुक, केवढं काम!

आता तुम्ही ओळखा. लाल ठिपक्यांचं काळं फुलपाखरू फुलावर बसलं, की पंखांकडे नाही, अंगाकडे बघा. रोझचं अंग लाल असतं. मॉरमॉनच्या मादीने पंख कितीही रंगवले, तरी तिचं अंग काळंच राहतं.