क्लोरीनला पुरून उरलेले

इंग्लंडातल्या लिंकन शहरात विषमज्वराची साथ आली, तेव्हा 1905 मध्ये अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी तिथल्या पाण्याला क्लोरीन दिले. तीन वर्षांनी अमेरिकेत डॉ. जॉन लील यांनी जर्सी सिटीच्या पाण्यात ते सुरू केले. प्रकरण कोर्टात गेले आणि निकाल क्लोरीनच्या बाजूने लागला. पुढे गावोगावी विषमज्वर हटत गेला, तशी जंतूंशी लढाई संपली अशी समजूत झाली. ती अगदीच चुकीची नव्हती. पाण्यात मोकळा तरंगणारा जिवाणू क्लोरीनपुढे सहसा टिकत नाही.

पण जिवाणू फार काळ मोकळा राहतच नाही. नळाच्या आतल्या भिंतीला तो चिकटतो, स्वतःभोवती चिकट लगदा तयार करतो आणि त्यात वस्ती करतो. बंद पडलेली जुनी पाइपलाइन कापली की आत बोट फिरवून पाहा, बुळबुळीत थर हाताला लागतो. क्लोरीन या थराच्या वरच्या भागाशीच झगडून संपते, आतपर्यंत फारसे पोहोचत नाही. 1988 च्या एका प्रयोगात असे चिकटलेले जिवाणू मोकळ्यांपेक्षा दीडशे ते तीन हजार पट चिवट निघाले. गंमत म्हणजे निर्जंतुक करण्यात कमजोर मानलेले मोनोक्लोरामाइन या थरात अधिक आत शिरते.

थराखेरीज जंतूंना दुसरेही आसरे असतात. 1976 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अधिवेशनाला जमलेल्या माजी सैनिकांमध्ये न्यूमोनियाची साथ पसरली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. त्यातून लीजिओनेला हा जिवाणू सापडला. हा जंतू अमीबाच्या पोटात राहून वाढतो, हे 1980 मध्ये लीड्सच्या टिमोथी रोबॉथम यांनी दाखवले. अमीबाने स्वतःभोवती कोश तयार केला की आतला भाडेकरू क्लोरीनपासून सुरक्षित! मायकोबॅक्टेरियाला तर कोणाच्या आश्रयाचीही गरज नाही, त्यांची मेणचट भिंतच पुरते.

आपल्याकडे गावोगावी पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात आणि ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत पाणी पिवळे झाले की निर्धास्त होतात. ती चाचणी हवीच, पण ती सांगते पाण्यातले क्लोरीन, नळातली वस्ती नव्हे. त्यात दिवसाआड येणारे पाणी नळात थांबून राहते आणि गळक्या सांध्यांतून घाण आत ओढली जाते. क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडते.

नळाचे तेच टाकीचेही, म्हणून टाकीत नुसती पावडर ओतून थांबू नका. आधी तळ आणि भिंती घासून गाळ काढा, मग क्लोरीन द्या.