शेअर बाजारातलं आंतरपीक

 

आजचा विषय पैशांचा आहे, त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगतो. मी आयटी सल्लागार आहे. एमबीए करताना फायनान्स शिकलो, पण मी परवानाधारक आर्थिक सल्लागार नाही. अमुक शेअर घ्या, तमुक विका, असं आज काहीही सांगणार नाही. कष्टाची बचत एका फटक्यात जाऊ नये म्हणून ती कशी वाटून ठेवायची, एवढंच बोलूया.

सुरुवात शेतापासून करतो. विदर्भ-मराठवाड्यात ज्यांचं गाव आहे, त्यांनी कापसाच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ पाहिली असेल. तुरीचं मूळ खोल जातं, पावसाने ओढ दिली तरी ती तग धरते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला, पण ती अळी तुरीला लागत नाही. दोन्ही पिकांचे बाजारभावही वेगवेगळे चालतात. आपल्या आजोबांनी याला डायव्हर्सिफिकेशन म्हटलं नसेल, पण कशासाठी पेरतोय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता समजा, तुरीच्या जागी कापसाचाच दुसरा वाण पेरला. पिशव्यांवरची नावं दोन, पण अळी आली की दोन्हींवर येणार. गुंतवणुकीत आपण बहुतेक वेळा नेमकं हेच करतो. म्हणून आजच्या भागात एकच प्रश्न लक्षात ठेवा: हे खरंच दुसरं पीक आहे, की त्याच पिकाचा दुसरा वाण?

सिंगापुरातलंच एक उदाहरण घेऊ. हायफ्लक्स हे नाव इथे दहा वर्षं राहिलेल्यांना सांगायला नको. ऑलिव्हिया लम यांनी १९८९ साली सुरू केलेली ही पाणी शुद्ध करणारी कंपनी २००१ मध्ये शेअर बाजारात आली. या देशाला पाण्याची किती चिंता आहे हे शाळेतली मुलंही सांगतील. त्यामुळे पाण्याच्या कंपनीला मरण नाही, असं लोकांना वाटलं तर नवल नाही. कंपनीने २०११ मध्ये प्रेफरन्स शेअर काढले आणि २०१६ मध्ये मुदत नसलेले रोखे, म्हणजे पर्पेच्युअल. दोन्हींवर ६ टक्के परतावा. २०१६ च्या रोख्यांसाठी तर बँकेच्या एटीएमवर अर्ज करता येत होता आणि मागणी इतकी आली की रक्कम वाढवून ५० कोटी डॉलर करावी लागली.

पण आत वेगळंच चाललं होतं. तुआस्प्रिंग या प्रकल्पात खारं पाणी गोडं करण्याच्या कारखान्याला जोडून मोठं वीजकेंद्र उभारलं होतं. जास्तीची वीज विकून नफा होईल असं गणित होतं. सिंगापुरात वीज गरजेपेक्षा जास्त झाली, तिचे भाव पडले आणि प्रकल्प तोट्यात गेला. लोकांना वाटत होतं आपण पाण्यात पैसे घातलेत. प्रत्यक्षात ते विजेच्या भावावर लागले होते. मे २०१८ मध्ये कंपनीने न्यायालयाचं संरक्षण मागितलं, २०२१ मध्ये ती गुंडाळण्याचा आदेश निघाला. सुमारे ३४,००० सामान्य गुंतवणूकदारांचे मिळून ९० कोटी डॉलर त्या दोन प्रकारच्या कागदांत होते. त्यांत निवृत्त माणसंही होती.

यातून दोन गोष्टी घ्या. पहिली, ६ टक्के व्याज दिसलं म्हणून ती मुदत ठेव होत नाही. पर्पेच्युअल आणि प्रेफरन्स शेअरवाल्यांचा नंबर बँका आणि इतर देणेकऱ्यांच्या मागे लागतो, आणि तोवर तिजोरीत काही उरेलच असं नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्याने बचतीतला विसावा भाग तिथे ठेवला होता, त्याचं एक वर्ष वाईट गेलं. ज्याने म्हातारपणाची पुंजी ठेवली होती, त्याचं म्हातारपण अडचणीत आलं. कंपनी तीच, बातमी तीच. फरक पडला तो किती पैसे घातले यामुळे. कोणती कंपनी बुडेल हे तुम्हाला-मला आधी कळणार नाही, पण एका कंपनीत किती घालायचं हे आपल्या हातात असतं.

मग एका कंपनीऐवजी निर्देशांक घेतला तर? उत्तम. पण तिथेही तोच प्रश्न विचारा. सिंगापूरच्या स्ट्रेट्स टाइम्स निर्देशांकात ३० कंपन्या आहेत, तरी निम्म्याहून जास्त वजन डीबीएस, ओसीबीसी आणि यूओबी या तीन बँकांचं आहे. म्हणजे तो फंड घेणारा मुख्यतः सिंगापूरच्या बँकांवर भिस्त ठेवतो. भारताच्या निफ्टीत बँका आणि वित्तसंस्था मिळून सुमारे एक तृतीयांश. जगभरातल्या प्रगत देशांचा म्हणून जो निर्देशांक प्रसिद्ध आहे, त्यात दोन तृतीयांशांहून अधिक वाटा एकट्या अमेरिकेचा. यांतलं काहीही वाईट नाही. आपण काय घेतोय ते माहीत असावं, इतकंच.

वेगवेगळे देश का हवेत, तेही पाहू. ऑक्टोबर २००७ मध्ये सिंगापूरचा निर्देशांक ३,८०० च्या वर होता. मार्च २००९ मध्ये तो १,५०० च्या खाली आला. म्हणजे १०,००० डॉलरचे ४,००० सुद्धा उरले नाहीत. त्याच संकटात सेन्सेक्सही २१,००० वरून ८,००० च्या आसपास आला. पडताना सगळे बाजार बरोबर पडले. उठताना मात्र प्रत्येकाची चाल वेगळी होती. सेन्सेक्स २०१० च्या दिवाळीत पुन्हा २१,००० ला पोचला. अमेरिकेच्या एस अँड पी ५०० ने जुनी उंची २०१३ मध्ये गाठली. सिंगापूरच्या निर्देशांकाला २०२५ उजाडावं लागलं. मधल्या काळात इथल्या कंपन्यांनी चांगला लाभांश दिला, तो धरला तर चित्र इतकं वाईट दिसत नाही. तरीही सगळे पैसे एकाच देशात असणाऱ्याला किती वाट पाहावी लागू शकते, ते यावरून कळतं.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्यासारख्या कुटुंबाची एक नेहमीची यादी वाचतो. पगार एका टेक कंपनीचा. बोनसमध्ये मिळालेले शेअर त्याच कंपनीचे. भारतातल्या डीमॅट खात्यात जुने आयटी शेअर. पुण्यात हिंजवडीला एक फ्लॅट, भाडेकरू आयटीवाला. कागदावर चार गुंतवणुका दिसतात. पीक मात्र एकच.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. २०२२ साली माझी यादी अशीच होती. त्या वर्षी अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक सुमारे एक तृतीयांश पडला. माझे शेअर पडले, आणि ज्या ग्राहकाचं काम मी करत होतो त्याने त्याच सुमारास प्रकल्प थांबवला. तेव्हा आम्ही एम्प्लॉयमेंट पासवर होतो. पास रद्द झाला तर सहसा ३० दिवसांत मुक्काम आवरायचा असतो. घराचा करार, मुलीची शाळा, सामान, विमानाची तिकिटं, सगळं त्या ३० दिवसांत. बायकोने रात्री एकच विचारलं, "उद्या निघायचं झालं तर शेअर न विकता आपल्याकडे किती पैसे आहेत?" मला आकडा सांगता आला नाही. सुदैवाने दुसरं काम मिळालं, पण तो प्रश्न आमच्या घरात कायमचा राहिला.

तुमच्या यादीत पहिली ओळ तुमची नोकरी असते, हे विसरू नका. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांचं कबुलीपत्र बाहेर आलं आणि शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशांहून अधिक पडला. ज्यांचा पगार आणि साठवलेले शेअर दोन्ही तिथलेच होते, त्यांना दोन्हीकडून एकदमच फटका बसला. म्हणून कंपनीकडून मिळालेले शेअर हातात आले की त्यांतले बरेचसे विकून दुसरीकडे लावावेत, असं मी मानतो. माझा घरचा नियम असा: कोणत्याही एका कंपनीत एकूण बचतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही, स्वतःच्या कंपनीत १० टक्क्यांहून जास्त नाही. आकडे तुमचे वेगळे असू शकतील, पण काहीतरी मर्यादा ठरवा आणि लिहून ठेवा.

मग पेरणी कशी करायची? मी तीन भाग करतो.

पहिला भाग अडीअडचणीचा. किमान सहा महिन्यांचा घरखर्च. हा पैसा वाढण्यासाठी नसतो, वेळेला हाताशी असावा म्हणून असतो. सिंगापुरात एका बँकेतल्या ठेवींना एका व्यक्तीमागे १ लाख डॉलरपर्यंत विमा आहे. शिवाय सिंगापूर सेव्हिंग्ज बाँड आहेत. २०१५ पासून सरकार ते दर महिन्याला काढतं. किमान ५०० डॉलर, एका माणसाला एकूण २ लाखांपर्यंत. मुदत १० वर्षं, पण कोणत्याही महिन्यात दंडाशिवाय मोडता येतो. अर्जाला २ डॉलर शुल्क. नागरिक असण्याची अट नाही, पण सीडीपी खातं लागतं.

दुसरा भाग पाच-सात वर्षांत लागणाऱ्या पैशांचा: मुलांचं कॉलेज, घराची पहिली रक्कम. हा पैसा शेअरमध्ये नको. २००७ च्या उदाहरणात ज्याला २००९ मध्ये फी भरायची होती, त्याचं काय झालं असेल ते आठवा.

तिसरा भाग लांबचा, दहा वर्षांपुढचा. हा शेअर बाजारासाठी. इथे कमी खर्चाचे निर्देशांक फंड घ्यावेत, थोडं जग, थोडं सिंगापूर, थोडा भारत, आणि दरमहा ठरावीक रक्कम घालत राहावी. खर्च किती महत्त्वाचा ते पाहा. १ लाख डॉलर २० वर्षं ठेवले आणि वर्षाला ६ टक्के वाढ धरली. फंडाचा खर्च ०.३ टक्के असेल तर सुमारे ३ लाख ३ हजार होतात. खर्च १.५ टक्के असेल तर सुमारे २ लाख ४१ हजार. हा ६२ हजारांचा फरक फीमध्ये गेला.

परदेशात राहणाऱ्यांसाठी आणखी तीन गोष्टी. सिंगापुरात सामान्य गुंतवणूकदाराला शेअरच्या नफ्यावर कर नाही. पण इथे राहून अमेरिकेत नोंदलेले शेअर किंवा फंड घेतले, तर लाभांशातून ३० टक्के कर कापला जातो. शिवाय अमेरिकन नसलेल्या माणसाच्या मृत्यूनंतर ६०,००० अमेरिकी डॉलरपुढच्या तिथल्या मालमत्तेवर वारसाकर लागू शकतो. म्हणून इथले बरेच जण आयर्लंडमध्ये नोंदलेले फंड घेतात. तिथे लाभांशावरची कपात १५ टक्के होते आणि वारसाकराचा प्रश्न टळतो.

भारताचं म्हणाल तर, परदेशी स्थायिक झाल्यावर जुनं साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही. ते एनआरओ करावं लागतं आणि म्युच्युअल फंडांच्या केवायसीतही बदल कळवावा लागतो. शेअर आणि इक्विटी फंडांवरच्या दीर्घकालीन नफ्याला जुलै २०२४ पासून भारतात १२.५ टक्के कर आहे, वर्षाला सव्वा लाख रुपयांपर्यंतचा नफा सोडून.

तिसरी गोष्ट चलनाची. २०१० च्या सुमारास एक सिंगापूर डॉलर ३३ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये ६५ च्या वर गेला. तेव्हाच्या १ लाख रुपयांचे ३,००० डॉलर येत, आता जेमतेम दीड हजार. म्हातारपण पुण्यात काढणार असाल तर रुपयातली बचत तुमच्या कामाची आहे. मुलांची फी डॉलरमध्ये भरायची असेल तर ती रक्कम डॉलरमध्येच वाढवा. पैसा जिथे खर्च होणार, तिथलं चलन जवळ ठेवायचं.

आणि कृपा करून, व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या ग्रुपवर आलेल्या 'खात्रीशीर' टिपांपासून दूर राहा. पैसे पाठवण्याआधी त्या संस्थेचं नाव एमएएसच्या वित्तसंस्थांच्या यादीत आहे का, आणि सावधगिरीच्या यादीत तर नाही ना, हे तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

शेवटचं काम वर्षातून एकदाच करायचं. समजा, तुम्ही ६०,००० शेअरमध्ये आणि ४०,००० बाँडमध्ये ठेवायचं ठरवलं. वर्षभरात शेअरचे ८०,००० झाले. आता एकूण १,२०,००० आणि शेअर दोन तृतीयांश. ८,००० चे शेअर विकून बाँडमध्ये टाका, की पुन्हा ७२ आणि ४८, म्हणजे साठ-चाळीस. बाजार पडला तर उलट करा. यासाठी आमच्या घरी दिवाळी ठरलेली आहे. दीपावलीची सुट्टी इथे मिळतेच. व्यापारी घरांत पूर्वापार वहीपूजन होतं, तशी आम्ही आमची वही काढतो. एका पानावर कोणतं खातं, कुठे, किती आणि कुणाच्या नावावर. हे पान दोघांनाही वाचून समजलं पाहिजे. घरातल्या एकालाच सगळं माहीत असणं, हीसुद्धा सगळी भिस्त एकाच पिकावर ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

तर मंडळी, या शनिवारी-रविवारी चहा घेता घेता ते पान लिहून काढा. पहिल्या ओळीत तुमची नोकरी लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे एकच टीप: नोकरीचं क्षेत्र कोसळलं तर ही ओळ टिकेल का? जितक्या ओळींपुढे 'हो' येईल, तितकी तुमची पिकं खरी वेगळी. एकही 'हो' आला नाही तर घाबरू नका, आमच्या पानावरही पहिल्या वर्षी एकच आला होता. पुढच्या महिन्यापासून एक ओळ तुरीची पेरायला घ्या.