आधी चिठ्ठी, मग चर्चा

सप्टेंबर संपत आला की नजर पैसेवारीसाठी समिती आमच्या शिवारात येते. मंडळ अधिकारी, तलाठी, कृषी सहायक, सरपंच आणि आम्ही दोघं शेतकरी. धुऱ्यावर उभं राहून सोयाबीन बघायचं आणि एकरी किती उतरेल ते सांगायचं, एवढंच काम. पण गावाची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानाने यंदाचं पीक रुपयात किती पैसे, ती ५० पैशांच्या वर की खाली, यावर शेतसाऱ्यातली सूट आणि पोरांची परीक्षा फी माफी अवलंबून असते.

गेल्या वर्षी सरपंच आधी बोलले, "तीन क्विंटल." मी मनात पाच धरले होते. शेंगा कमी होत्या खऱ्या, पण दोन-चार फोडून बघितल्या तर दाणा चांगला भरलेला. तरी माझी पाळी आली तेव्हा तोंडातून निघालं, "तीन, फार तर साडेतीन." बाकीच्यांनीही मान डोलावली. माणसं सहा, डोळे एकाचेच.

पुढे त्याच शेतात पीक कापणी प्रयोग झाला. दहा बाय पाच मीटरचा तुकडा दोरीने आखला, झाडं कापून ताडपत्रीवर बडवली, दाणे पाखडून काट्यावर टाकले. साडेपाच किलो. हा तुकडा म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. हिशेब एकरी जवळपास साडेचार क्विंटलांवर गेला. मनातलं बोललो नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

यंदा कृषी सहायक ताईंनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. "आधी लिहा, मग बोला." उघडल्या तर तीनपासून साडेसहापर्यंत आकडे. मग खरी चर्चा झाली. साडेसहावाल्याने नाल्याकडची काळी जमीन बघितली होती, तीनवाल्याने वरचा मुरमाड पट्टा. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

चिठ्ठ्यांची ही युक्ती जुनीच. १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लीमथच्या प्रदर्शनात, कापून साफ केल्यावर बैलाचं वजन किती भरेल, अशी पैज लागली होती. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने नंतर ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधोमध आलेला अंदाज १,२०७ पौंड, प्रत्यक्ष वजन १,१९८. तिथेही ज्याने त्याने आपला आकडा आपल्या चिठ्ठीवर लिहिला होता.

चिठ्ठीने एक चूक मात्र जात नाही. पैसेवारी कमी लागावी, असं गावात सगळ्यांनाच वाटतं, मलाही. कुणाचा अंदाज वर, कुणाचा खाली गेला तर चुका एकमेकींना खोडतात. सगळेच एका बाजूला कलले तर सहाच काय, साठ जणांची सरासरीही तिकडेच कलणार. तिथे काटाच हवा.

तुमच्या शिवारात समिती आली की कुणी तोंड उघडायच्या आत चिठ्ठ्या मागा. आणि कापणीच्या दिवशी वजन होईपर्यंत काट्याजवळून हलू नका.